निसर्गसंवर्धनाची कमी फीची डिग्री: फी भरायच्या आधी फिल्डचं टाइमटेबल मागा

नोकरी सांभाळून तीन वर्षं निसर्गसंवर्धनाची डिग्री केली (कागदावर नाव 'नैसर्गिक संसाधन संवर्धन व व्यवस्थापन' असं लांबलचक), आता रिझल्ट लागला आणि तेव्हापासून ओळखीतली मुलं सारखी विचारतायत की ताई, एवढ्या कमी फीत मिळतोय तर घ्यावा का हा कोर्स. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. कॉलेजचं नाव घेणार नाही, कारण तक्रारीही आहेत आणि तिथले दोन शिक्षक खरंच जीव तोडून शिकवतात, त्यांच्यावर उगाच बालंट नको.

आधी वाईट तेच सांगते. माहितीपत्रकात 'भरपूर फिल्डवर्क' असं लिहिलं होतं, आणि पहिल्या अख्ख्या वर्षात आम्ही जंगलात गेलो सहा दिवस. सहा! त्यात एक दिवस पावसात गेला. झाडाचा व्यास मोजायची पट्टी अकरा जणांत एक. ही पट्टी साधी नसते, झाडाला गुंडाळली की घेर नाही, थेट व्यासच वाचता येतो, कारण तिच्यावरच्या खुणा 'पाय'च्या (π, म्हणजे गणितातला ३.१४) हिशोबाने मारलेल्या असतात. ती छातीच्या उंचीवर लावायची, म्हणजे काही देशांत जमिनीपासून १.३७ मीटरवर आणि काही ठिकाणी १.३ मीटरवर, उतारावरचं झाड असेल तर चढाच्या बाजूने मोजायचं, आणि त्या उंचीच्या खालीच खोड दुभंगलं असेल तर दोन झाडं धरायची. हे सगळं मी नोट्समधून पाठ केलेलं, पण प्रत्यक्ष पट्टी हातात आली तेव्हा वेलींखालून ती सरळ कशी फिरवायची हेच कळेना, आणि माझ्या वाट्याला आली तीन झाडं. तीन झाडांवर कुणाचा हात बसतो?

दुसऱ्या वर्षी नवीन शिक्षक आले आणि चित्रच बदललं. दहा दिवसांचं सलग शिबिर झालं. मातीचा खड्डा आम्हीच खणला, थर मोजले, आणि मग ओल्या मातीची चाचणी केली, म्हणजे माती भिजवून मळायची आणि अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबत दाबत तिची पट्टी बाहेर काढायची. अडीच सेंटिमीटरच्या आतच तुटली तर माती हलकी, पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली तर चिकणमाती. तो दिवस मी विसरणार नाही. एकाच उतारावर वरची माती बोटात येताच तुटत होती आणि खाली ओहोळाजवळची लांबच लांब येत होती. वरची बारीक माती पाण्याबरोबर कशी खाली येऊन बसते हे चाळीस स्लाइड बघून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते एका सकाळीत शिरलं.

म्हणून माझा सल्ला एवढाच की फीची तुलना करायची असेल तर फी भागिले फिल्डचे दिवस करा. मी चार कोर्सेसची अशी तुलना केली होती, पण पहिल्या वर्षाचा धडा मिळाल्यानंतर, म्हणजे उशिरा. सगळ्यात कमी फीच्या कोर्समध्ये फिल्ड 'ऐच्छिक' होतं, आणि ऐच्छिकचा अर्थ तुमच्या खर्चाने. प्रवास, राहणं, बूट, दुर्बीण, विमा हे सगळं वेगळं. त्यापेक्षा थोडी जास्त फी असलेल्या कोर्समध्ये हे आत धरलेलं होतं आणि तोच शेवटी स्वस्त पडला असता.

नावावर जाऊ नका. पर्यावरणशास्त्र, वनशास्त्र, वन्यजीव, संसाधन व्यवस्थापन ही सगळी बाहेरून सारखीच वाटतात. पण पर्यावरणशास्त्रात बऱ्याचदा भर प्रदूषण आणि रसायनशास्त्राच्या लॅबवर असतो, आणि संवर्धनाच्या कोर्समध्ये माती, पाणी, जंगल, प्राणी आणि या सगळ्यावर जगणारी माणसं. सिलॅबस उघडून माती हा स्वतंत्र विषय आहे का एवढं तरी बघाच. अमेरिकेत १९३० च्या दशकात धुळीची वादळं झाली, शेतांवरची माती अक्षरशः उडून गेली, आणि ह्यू बेनेट या मातीच्या शास्त्रज्ञाच्या पाठपुराव्यानंतर १९३५ मध्ये मृदसंधारणाचं सरकारी खातं उभं राहिलं. तिथे आजही सरकारी मृदसंधारकाच्या नोकरीसाठी, शिक्षणाच्या जोरावर अर्ज करायचा तर, नैसर्गिक संसाधन किंवा शेतीचे ३० क्रेडिट लागतात आणि त्यातले १२ माती आणि पिकं-वनस्पती यांचे. म्हणजे डिग्रीचं नाव कितीही छान असो, मातीचे विषयच घेतले नाहीत तर अर्ज बाद. तुम्ही कुठल्याही देशात असा, ज्या नोकरीवर डोळा आहे तिची जाहिरात आधी काढा, पात्रतेतले विषय कागदावर लिहा आणि मग सिलॅबसशेजारी ठेवून टिक करा. मी हे केलं नव्हतं. एक विषय नंतर दुसरीकडून करावा लागला आणि त्याची फी वेगळी बसली.

सॉफ्टवेअरच्या नावाखाली कुणी जादा पैसे मागत असेल तर नक्की प्रश्न विचारा. नकाशे करायला क्यूजीआयएस फुकट आहे आणि शिकण्यासाठी पुरून उरतं. लँडसॅट उपग्रहाची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून सगळ्यांना मोफत खुली आहेत. सेंटिनेल-२ ची चित्रंसुद्धा फुकट, आणि त्यात १० मीटरपर्यंतचं बारीक दिसतं. आमच्या कोर्सने हेच वापरलं, हा मोठा प्लस पॉइंट.

आणि इथेच माझी सगळ्यात मोठी चूक झाली, जी सांगायलाच हवी. प्रोजेक्टसाठी मी एका टेकडीची दहा वर्षांची चित्रं लावली, हिरवेपणाचा निर्देशांक काढला, तो वर्षागणिक वाढत होता. मी खूश. रिपोर्टमध्ये 'जंगल परत येतंय' असं लिहून मोकळी झाले. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "जाऊन बघितलंस का गं?" नव्हतं बघितलं. गेले तर काय, अर्ध्या उतारावर घाणेरी. लॅंटाना. ती मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली, जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. काटेरी जाळी इतकी दाट की खाली एक रोपटं दिसेना. वरून बघणाऱ्या उपग्रहाला हिरवं ते हिरवं. रिपोर्ट पूर्ण नव्याने लिहिला, त्याला दोन महिने गेले, पण तीन वर्षांत सगळ्यात जास्त शिकले ते तेव्हा. फक्त ऑनलाइन डिग्री केली असती तर ती टेकडी माझ्यासाठी आजही जंगलच राहिली असती.

एक विषय मी कंटाळवाणा धरून चालले होते, सामायिक संसाधनांचा. निघाला सुंदर. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. चराई, पाणी, मासेमारी लोक स्वतःचे नियम करून पिढ्यान् पिढ्या कशी टिकवतात हे त्यांनी दाखवलं, म्हणजे कुणी किती घ्यायचं, लक्ष कुणी ठेवायचं, पहिल्या चुकीला हलका दंड आणि परत केलं तर जड. हा विषय सिलॅबसमध्ये नसेल तर मला तो कोर्स अर्धवट वाटेल, कारण कामाला लागल्यावर बोलायचं असतं ते माणसांशीच.

बाकी किरकोळ. व्हिडिओ जुने आहेत, आवाज खराब. ऑफिस मेलला उत्तर द्यायला आठवडा लावतं. परीक्षा वेळेवर होतात.

ज्यांना पुढे संशोधनात जायचंय त्यांनी हा घेऊ नये, लॅब आणि आकडेशास्त्र दोन्ही कमी पडतं. इंटर्नशिपचंही आधीच विचारा, या क्षेत्रात बिनपगारी काम सर्रास चालतं आणि चार महिने पगाराशिवाय राहणं हा फीपेक्षा मोठा खर्च असतो. नोकरी सांभाळून फिल्डवरच्या कामात शिरायचं असेल त्यांना मात्र मी बिनधास्त घ्या म्हणेन. पाचपैकी साडेतीन स्टार, दुसऱ्या वर्षाला एकट्याला पाच.

अर्ज करायच्या आधी कॉलेजला एक मेल टाका: गेल्या वर्षीचं फिल्डचं टाइमटेबल पाठवा, तारखांसकट, आणि किती जणांत किती उपकरणं तेही. माझ्या धाकट्या भावाने परवा तीन ठिकाणी असं विचारलं. दोघांनी परत माहितीपत्रकच पाठवलं. तिसरीकडून तारखांची यादी आली आणि सोबत शिक्षकांचा फोन, की शनिवारी मुलं ओढ्यावर पाण्याचे नमुने घेणार आहेत, येऊन बघ. तो जाऊन आला आणि आल्या आल्या तिथलाच फॉर्म भरायला बसला.