‘गुरुदक्षता’ वर्गातला एक महिना

महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘गुरुदक्षता’ हा नव्या शिक्षकांसाठीचा महिनाभराचा प्रशिक्षण वर्ग करावा लागतो. ज्येष्ठ सहकारी त्याला अजूनही ‘ओरिएंटेशन’च म्हणतात आणि ‘प्लेसमेंटला लागतं, लवकर उरकून घ्या’ असा सल्ला देतात. त्यात तथ्य आहे, कारण आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पहिल्या स्थाननिश्चितीसाठी (म्हणजे ‘प्लेसमेंट’साठी, वरच्या वेतनस्तरावर जाण्यासाठी) अध्यापनपद्धतीवरील २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग (ओरिएंटेशन) आवश्यक आहे आणि ‘गुरुदक्षता’ त्याच्या जागी ग्राह्य धरला जातो. मात्र गेल्या वर्षी ऑनलाइन पूर्ण केलेल्या या वर्गाकडे मला केवळ प्रमाणपत्रापुरते पाहता येत नाही.

शाळेत शिकवायचे तर बी.एड.च्या काळात पाठ घ्यावे लागतात आणि कोणीतरी मागच्या बाकावर बसून ते पाहते. महाविद्यालयात मात्र सेट-नेटसारखी पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. झाली की आठवड्याला १६ तासांचा कार्यभार हाती येतो, आणि शिकवायचे कसे, हे आपल्याला शिकवणाऱ्यांच्या आठवणीवरून ठरवावे लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांमध्ये अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू झाली. पुढे त्यांना मानव संसाधन विकास केंद्रे असे नाव मिळाले आणि २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात. नावे बदलली, तरी नव्या शिक्षकासाठी देशभर असलेली अशी दुसरी यंत्रणा माझ्या माहितीत नाही.

या महिन्यातले सर्वांत मोलाचे सत्र मूल्यमापनाचे होते. स्वतः काढलेली एक जुनी प्रश्नपत्रिका घेऊन बसायला आम्हाला सांगितले होते. मी इतिहास शिकवते. प्रत्येक प्रश्नापुढे, तो विद्यार्थ्याकडून नेमके काय करून घेतो, हे एका शब्दात लिहायचे होते. माझ्या चौदा प्रश्नांपैकी अकरांपुढे मला ‘आठवणे’ हा एकच शब्द लिहावा लागला, कारण ते सगळे ‘माहिती लिहा’, ‘स्पष्ट करा’ आणि ‘टिपा लिहा’ या साच्यातले होते. त्यांतला ‘सत्यशोधक समाजाच्या कार्याची माहिती लिहा’ हा प्रश्न आम्ही गटात बसून बदलला. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिक्षण आयोगाला, दिलेल्या निवेदनातला उतारा द्यायचा आणि विचारायचे : प्राथमिक शिक्षणाच्या मागणीचा, सरकारी महसूल कोणाच्या कष्टातून येतो या मुद्द्याशी फुले कसा संबंध जोडतात? हा प्रश्न मी महाविद्यालयाच्या पुढच्याच शैक्षणिक सत्रात अंतर्गत चाचणीला दिला. उत्तरे लांबीने कमी होती, पण प्रथमच ती एकमेकांसारखी नव्हती, आणि तपासताना मला थांबून विचार करावा लागला.

दुसरी ठळक आठवण सात मिनिटांच्या सूक्ष्मपाठाची, म्हणजे सहभागी शिक्षकांसमोर घेतलेल्या छोट्या सराव पाठाची आहे. पाठ संपल्यावर भौतिकशास्त्राच्या एका सहभागी शिक्षकांनी सांगितले, ‘मॅडम, तुम्ही पाच प्रश्न विचारलेत आणि पाचही उत्तरे तुम्हीच दिलीत, मधे दोन सेकंदही थांबला नाहीत.’ त्यांनी घड्याळ लावून पाहिले होते. चार वर्षे तासिका तत्त्वावर शिकवूनही ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, कारण माझा तास ऐकायला कोणी आलेच नव्हते.

दुर्दैवाने अशी सत्रे मोजकीच होती. मी ज्या केंद्रातून वर्ग केला, तिथे दुसरा आठवडा जवळजवळ पूर्णपणे दीड-दीड तासांच्या सलग व्याख्यानांत गेला. ‘केवळ व्याख्यान पुरेसे नाही’ हा विषयसुद्धा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवत मांडला गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची तोंडओळख तीन वेगवेगळ्या वक्त्यांकडून झाली. त्यातला एक जरी तास सूक्ष्मपाठांना दिला असता, तरी प्रत्येकाला दुसरा पाठ घेऊन सुधारणा पडताळता आली असती. संशोधन प्रकल्प, ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रम आणि सेवानियम यांवरची सत्रे ठीक होती.

मला अधिक खटकते ते वर्ग संपल्यानंतरचे. प्रमाणपत्र सेवापुस्तकात लागते आणि विषय तिथेच संपतो. सहा महिन्यांनी कोणी एक तास ऐकायला यावे, विभागातल्या अनुभवी प्राध्यापकाकडे नव्या शिक्षकाची जबाबदारी सोपवावी, यांपैकी माझ्या बाबतीत काहीच झाले नाही. शिवाय, ज्यांना या आधाराची सर्वाधिक गरज आहे, ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक या व्यवस्थेच्या कडेलाच राहतात. त्यांचे मानधन तासावर असते. महिनाभर तास बुडवणे त्यांना परवडणार कसे? त्यांच्यासाठी संध्याकाळचा, टप्प्याटप्प्याचा वर्ग निघायलाच हवा.

नव्याने रुजू झालेल्यांना माझे सांगणे असे, की वर्ग अवश्य करा. पण महाविद्यालयात एक शैक्षणिक सत्र शिकवून झाल्यावर करा, म्हणजे हातात स्वतःची प्रश्नपत्रिका आणि मनात स्वतःच्या अडचणी असतील. ऑनलाइन असला तरी महाविद्यालयाकडून कर्तव्यरजा लेखी मंजूर करून घ्या. एका कानाने सत्र आणि दुसऱ्या कानाने परीक्षा विभागाचे निरोप ऐकत हा महिना काढलेल्या मैत्रिणीला आज त्यातले काहीही आठवत नाही. शक्य असल्यास प्रत्यक्ष वर्ग घेणारे केंद्र निवडा. आमच्या गटातल्या आम्ही तिघी अजूनही दर सत्रात अंतर्गत चाचणी झाली, की प्रश्नपत्रिका एकमेकींना पाठवतो आणि प्रत्येक प्रश्नापुढे तो एक शब्द लिहून परत करतो.