कॅनकुन की काबो? दोघांच्या सुट्टीसाठी मेक्सिकोचा कोणता किनारा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी जोडप्यांचं लग्नाच्या वाढदिवसाला मेक्सिकोला जायचं चटकन ठरतं. घोडं अडतं ते पुढे: कॅनकुन की लोस काबोस, म्हणजेच काबो? हॉटेलांचे फोटो बघून काही ठरणार नाही. दोन्हीकडे तोच निळा स्विमिंग पूल, तीच पांढरी चादर आणि तिच्यावर गुलाबपाकळ्यांचा तोच बदाम. खरा फरक समुद्रात आहे. कॅनकुन कॅरिबियन समुद्रावर, तर काबो बाहा कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, कोर्तेझचा समुद्र प्रशांत महासागराला मिळतो तिथे. तुम्हाला समुद्रात डुंबायचंय की समुद्र बघायचाय, एवढं आधी आपसांत ठरवा.

डुंबायचं असेल तर कॅनकुन. पाणी हिवाळ्यातही उबदार असतं आणि पांढरी वाळू भर उन्हातही फारशी पोळत नाही. काबोत मात्र ‘बीचफ्रंट’ खोली घेऊनही पाय भिजवायची पंचाईत होऊ शकते. तिथल्या बऱ्याच किनाऱ्यांवर लाटा अंगावर आदळतात आणि पाणी आत खेचतं, म्हणून पोहायला मनाई असते. मेदानो, चिलेनो, सांता मारिया असे मोजकेच किनारे पोहण्याजोगे आहेत. तेव्हा हॉटेल नेमकं कोणत्या किनाऱ्यावर आहे ते बुकिंगआधी बघा. टोकाच्या खडकांपाशी ‘प्रेमिकांचा किनारा’ आहे, आणि त्याला पाठ लावून, खवळलेल्या महासागराच्या बाजूला ‘घटस्फोटाचा किनारा’. नावं तिथलीच आहेत, माझी नाहीत!

पण कॅनकुनचंही एक दुखणं आहे: सार्गासम. साधारण एप्रिल ते ऑगस्ट या काळात हे तपकिरी समुद्री शेवाळ किनाऱ्यावर येऊन साचतं, कुजतं आणि घाण वास मारतं. रोज येतंच असं नाही, पण आलं की फोटोतला निळा समुद्र विसरायचा. त्या दिवसांत जावंच लागलं तर फेरीबोटीने इस्ला मुहेरेस बेट गाठा. तिथल्या प्लाया नोर्तेला त्याचा त्रास बराच कमी असतो. काबोला ही कटकट नाही. मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे वाळवंटी ऊन भाजून काढतं, आणि वादळांचा मोसम तर दोन्हीकडे नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो. २००५ मध्ये विल्माने कॅनकुनला झोडपलं, २०१४ मध्ये ओदिलने काबोला. डिसेंबर ते एप्रिल दोन्हीकडे उत्तम. फक्त मार्चमध्ये कॅनकुनला कॉलेजच्या पोरांचा धुडगूस असतो, तेव्हा ‘अडल्ट्स ओन्ली’ हॉटेल घेतलेलं बरं.

हॉटेलात दोन दिवसांत कंटाळणाऱ्यांना कॅनकुनच मानवेल. सुमारे दोनशे किलोमीटरवर चिचेन इत्झा हे माया लोकांचं प्राचीन शहर आहे (तिथल्या पिरॅमिडवर आता चढू देत नाहीत), समुद्राच्या कड्यावर तुलुमचे माया अवशेष आहेत, आणि सेनोते तर आहेतच. कॅनकुन ज्यावर आहे त्या युकातान द्वीपकल्पाच्या चुनखडीत पाणी झिरपून जमिनीखालून वाहतं. जिथे छत कोसळलं तिथे हे गार, नितळ पाण्याचे डोह उघडे पडले. मला विचाराल तर समुद्र राहिला तरी चालेल, सेनोते चुकवू नका. काबोची बाजू देवमाशांची: डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत होडीतून हमखास म्हणावेत इतके दिसतात. शिवाय सूर्यास्त. कॅनकुनच्या हॉटेलांपुढचा समुद्र पूर्वेला, म्हणजे तिथे पाण्यावरचा सूर्य बघायला पहाटे उठावं लागतं. सुट्टीत कोण उठतंय?

खर्चाला काबो साधारणपणे जड. प्रवासाचं मात्र तुमच्या गावावर आहे: न्यू जर्सी किंवा ह्यूस्टनहून कॅनकुन सोयीचं, कॅलिफोर्नियातून काबो. भारतीय पासपोर्टवर वैध अमेरिकी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही.

शाकाहाऱ्यांचे प्रश्न दोन्हीकडे सारखेच. घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी, म्हणजे ‘मांतेका’, असू शकते आणि भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो. दर वेळी विचारायचं. मक्याचे तोर्तिया, ग्वाकामोले (अवाकाडोची चटणी) आणि निवडुंगाची भाजी यांवर मात्र मजेत दिवस निघतात.

विमानतळावर ‘टॅक्सी हवी का’ म्हणत गोड बोलून थांबवणारे बरेचदा टाइमशेअर (सुट्टीच्या घरातला वाटा) विकणारे असतात, दोन्ही ठिकाणी. गाडी आधीच ठरवून ठेवा आणि थेट बाहेर पडा.