टेप ऑटोलोडर घेताय? बारकोडवर जाऊ नका

रामदासपेठेतल्या एका डायग्नोस्टिक सेंटरचं आयटी मी बघतो. सीटी-एमआरआयच्या इमेजेसनी सर्व्हर तुंबला, म्हणून साहेबांनी आठ स्लॉटचा ऑटोलोडर, म्हणजे बॅकअपच्या टेपा आपोआप बदलणारं मशीन, मागवला. कोटेशन: ‘एलटीओ-८, ब्रँड न्यू, २४० टीबी’.

२४० हा आकडाच फुगवलेला. एलटीओ ही बॅकअप टेपची जात, ८ ही तिची पिढी. अशा एका टेपवर मुळात १२ टेराबाइट (टीबी) मावतात. कोटेशनमध्ये टेपमागे ३० धरलेत, तो आकडा अडीचपट कॉम्प्रेशन धरून. आमच्या इमेजेस आधीच कॉम्प्रेस केलेल्या, त्या आणखी काय दबणार? म्हणजे फार तर ९६. असो, हे सगळेच करतात.

खरा डाव वेगळाच निघाला. दोन पोरं आली, मशीन रॅकमध्ये बसवलं, टेपांना बारकोड लावून मॅगझिनमध्ये, म्हणजे टेपांच्या ट्रेमध्ये, भरल्या. रोबो स्लॉटमधून टेप उचलून ड्राइव्हमध्ये घालतो, परत आणतो. बघून साहेब खूश. मी म्हटलं, एक टेप पूर्ण भरून रिस्टोर करून, म्हणजे डेटा परत काढून, दाखवा. वेंडर म्हणतो, “रिस्टोर एएमसीमध्ये येते भाऊ, टेंशन काहून घेता?” साहेबांनी बाकीचा चेक दिला.

पहिलाच फुल बॅकअप ६ टीबीच्या आसपास अडला. टेप फुल! लिनक्समध्ये सर्व्हरला जोडलेल्या (स्कझी) उपकरणांची यादी काढली, तर ड्राइव्ह ‘अल्ट्रियम एचएच७’, म्हणजे सातव्या पिढीचा. टेपाही एलटीओ-७च्याच, मुळात ६ टीबीच्या; वर बारकोड मात्र ‘एल८’वाला, म्हणजे एलटीओ-८चा. रोबो बिचारा फक्त स्टिकर वाचतो. टेप कोणत्या पिढीची हे तिच्यातली चिप ड्राइव्हला सांगते. मॅगझिनमध्ये बसल्यावर आपल्यालाही स्टिकरच दिसतं. आणि ‘ब्रँड न्यू’ ड्राइव्हच्या लॉगमध्ये हजारो तास चालल्याची नोंद!

वेंडरला विचारलं तर म्हणे, “फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकलं की सातचा आठ होते.” यात अर्धं खरं मिसळलंय, म्हणून माणूस गप्प बसतो. एलटीओ-७ची कोरी टेप ९ टीबीची करता येते, पण त्याला ड्राइव्ह आठचाच लागतो. सातचा ड्राइव्ह आठ कधीच होत नाही.

आता वेंडर फोन उचलत नाही. धंद्यासाठी घेतलेला माल म्हणून ग्राहक आयोगात अडचण येईल, असं वकिलांचं मत पडलं. सध्या नोटीस पाठवली आहे.

तुम्ही घेणार असाल तर ऑर्डरमध्येच ड्राइव्हचं मॉडेल, सीरियल नंबर आणि कॉम्प्रेशनशिवायची क्षमता लिहून घ्या. सीरियल नंबरची वॉरंटी कंपनीकडे स्वतः तपासा. एक टेप काठोकाठ भरून तिच्यावरचा डेटा दुसऱ्या सर्व्हरवर उघडल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका. बारकोडही आपल्याच हाताने चिकटवा.