६० तुकड्यांचा अ‍ॅट्रिब्यूट ब्लॉक्सचा डबा: केजीतल्या इंग्रजीसाठी घ्यावा का?

लॉजिक ब्लॉक्स म्हणा की अ‍ॅट्रिब्यूट ब्लॉक्स, नेहमीच्या डब्यात पाच आकार, तीन रंग, दोन मापं आणि दोन जाड्या मिळून ६० तुकडे असतात. झोल्टन डीनेस या गणितज्ञाने असे ठोकळे गणितासाठी लोकप्रिय केले. इंग्रजी विशेषणांसाठीही ते फ्लॅशकार्डांपेक्षा सरस आहेत. कार्डांवर ‘बिग’ हत्ती आणि ‘स्मॉल’ उंदीर बहुतेक वेळा एकाच मापात छापलेले असतात. इथे फरक हातात येतो. शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात कार्डं वाकडी होतात ती वेगळीच.

अख्खा डबा मात्र मुलांपुढे ओतू नका. षटकोन आणि आयत काढले की ३६ उरतात, त्यातले पातळ बाजूला ठेवले की १८. जाडी सुरुवातीला नकोच, मुलं ‘थिक’ आणि ‘बिग’मध्ये हमखास गल्लत करतात. पहिल्या दिवशी चारच तुकडे घ्या: लाल गोल आणि लाल चौकोन, प्रत्येकी मोठा-लहान. रंग एकच असल्याने लक्ष माप आणि आकारावर राहतं. मग त्याच मापाचे निळे, पिवळे आणा.

“व्हॉट कलर इज इट?” विचारलंत तर “रेड” एवढंच उत्तर येणार. त्यापेक्षा एका शब्दात भागणार नाही अशी मांडणी करा. मोठा-लहान असे दोन लाल गोल आणि एक लहान निळा गोल बाईंपुढे ठेवा, मागायचं मुलाने. त्याला लहान लाल हवाय आणि तो नुसतं “रेड” म्हणाला, की बाईंनी खुशाल मोठा द्यावा. पुढच्या वेळी “स्मॉल रेड” येतं. इंग्रजीत आधी माप, मग आकार, मग रंग: “बिग राउंड रेड”. आपल्याकडे ‘लाल मोठा’ही खपून जातं, म्हणून मुलं “रेड बिग” म्हणतात. नियम सांगत बसू नका. योग्य क्रमाने म्हणून दाखवत तुकडा हातात द्या.

कापडी पिशवीत हात घालून ओळखण्याचा खेळही झकास. माप आणि आकार हाताला कळतात, रंग नाही. त्यामुळे रंग तुकडा बाहेर आल्यावरच विचारायचा.

मोठी उणीव म्हणजे आकारांच्या बाबतीत हे ठोकळे नावं शिकवतात, विशेषणं नव्हे. ‘सर्कल’ हे नाम. ‘राउंड’ तुम्हालाच आणावं लागतं. ‘ट्रायँग्युलर’ केजीत सोडूनच द्या. रंग लाल, निळा, पिवळा एवढेच. हिरव्यासाठी भाजीच्या टोपलीकडे जावं लागेल.

क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला घेत असाल तर डबा उघडून तुकडे मोजा. कडेला प्लॅस्टिकची धार राहिलीय का, बोट फिरवून बघा. जाड-पातळातला फरक डोळ्यांना चटकन दिसत नसेल तर तो संच परत ठेवा. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते असल्याशिवाय घेऊ नका. फोमच्या संचाचा आवाज होत नाही, पण मुलं त्याचे लचके तोडतात. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर लहान तुकडे त्याच्या हाती लागू देऊ नका.