भाड्याची खुली साठवण जागा : सेवा चांगली, पण परवानगी आधी वाचावी

व्यापारी भूखंडाच्या मागच्या मोकळ्या भागात कंटेनर मांडून ते महिन्याच्या भाड्याने देणाऱ्या एका आवाराची सेवा मी दुकानातील जादा मालासाठी वापरतो. अशा जागेची चौकशी करताना बहुतेक जण भाडे, कुलूप आणि कॅमेरे एवढेच पाहतात. माझ्या मते त्याआधी शहराच्या भूवापर नियमांनुसार त्या भूखंडावर उघड्यावरची साठवण भाड्याने देता येते का, आणि येत असल्यास कोणत्या अटींवर, हे पाहायला हवे. कारण या आवारात मला जे आवडले, त्यातले बरेचसे त्या अटींमुळेच घडलेले आहे.

कंटेनरच्या दोन रांगांमध्ये अग्निशमनाची गाडी सरळ आत येईल एवढी रुंद वाट आहे आणि तिथे कोणालाही सामान टेकवून ठेवू दिले जात नाही. इंधन, गॅस सिलिंडर आणि जुने टायर ठेवण्यास मनाई असून जागा ताब्यात देताना ती यादी वाचून दाखवतात. कंटेनर एकावर एक चढवलेले नाहीत. या शेवटच्या अटीचे महत्त्व हिशेब केल्यावर कळते. वीस फुटी कंटेनरची उंची सुमारे 2.6 मीटर असते, त्यामुळे दोन मीटरचे कुंपण त्याला पूर्ण झाकू शकत नाही. कुंपणाबाहेर दहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला (डोळे जमिनीपासून दीड मीटरवर धरून) तो दिसू नये असे वाटत असेल, तर एकमजली रांगही कुंपणाच्या आत सुमारे बारा मीटर सरकवावी लागते. म्हणजे कुंपणाची उंची, सामासिक अंतर (हद्दीपासून आत मोकळी सोडायची जागा) आणि रांगेची उंची या तिन्ही गोष्टी नियमात एकत्र ठरवल्या तरच शेजाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. नुसते 'कुंपण घालावे' असे लिहिल्याने पत्र्याची एक भिंत आणि तिच्यावर डोकावणारी दुसरी भिंत एवढेच हाती लागते.

जमिनीकडे मात्र परवानगी देणाऱ्यांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. आवारात खडी पसरली आहे, पण मागच्या रांगेकडे उतार असल्याने पावसाचे पाणी कंटेनरच्या दारांशी साचते आणि दाराच्या खालच्या बिजागऱ्यांवर गंज चढतो. त्याच भागात भाड्याने उभ्या केलेल्या गाड्यांमधून गळणारे तेल त्या पाण्याबरोबर वाहून जाते. कुंपणाचा रंगसुद्धा अटींत नमूद आहे. निचऱ्याची दिशा मात्र नाही. माझ्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे.

दुसरा मुद्दा वापराच्या व्याख्येचा आहे. दुकानाने स्वतःचा माल मागच्या अंगणात ठेवणे हा मूळ व्यवसायाला जोडून आलेला वापर झाला. तीच जागा बाहेरच्यांना भाड्याने देणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्याला वेगळी परवानगी असणे रास्त आहे, विशेषतः जेव्हा कंटेनर ग्राहकांच्या पार्किंगसाठी राखलेल्या जागेवर येऊन बसतात. ही व्याख्या धूसर राहण्याचे एक कारण इतिहासात दिसते. न्यूयॉर्कने संपूर्ण शहरासाठी विभागवार वापराचा नियम 1916 मध्ये केला आणि 1926 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड गावाच्या खटल्यात अशा नियमनाचा अधिकार मान्य केला; आधुनिक कंटेनर वाहतूक मात्र 1956 मध्ये सुरू झाली. पाया नसलेली, पण वर्षानुवर्षे एकाच जागी उभी असलेली पोलादी खोली इमारत मानायची की हलवता येणारी वस्तू, हा प्रश्न त्यामुळे नंतर उभा राहिला. ती किती काळ एका जागी राहते यावर तिचा दर्जा ठरवणे मला सर्वांत न्याय्य वाटते, कारण शेजाऱ्याला आणि पाण्याच्या निचऱ्याला तिचा त्रास होतो तो ती तिथेच राहते म्हणून.

भाडेकरूच्या दृष्टीने याचा परिणाम करारात दिसतो. परवानगी मुदतीची असेल आणि तिचे नूतनीकरण झाले नाही, तर आवार रिकामे करावे लागते. माझ्या करारात अशा वेळी सामान हलवण्याचा खर्च भाडेकरूवर टाकला होता. मी ते कलम बदलून घेतले आणि परवानगीची प्रत कराराला जोडायला लावली. व्यवस्थापकांनी दोन्ही गोष्टी विनातक्रार मान्य केल्या, याची नोंद आवर्जून करतो.

साठवणीच्या बाबतीत एक सूचना द्यावीशी वाटते. दिवसा तापलेला पत्रा रात्री थंड झाला की आतल्या दमट हवेतील पाणी छताला सुटून खाली ठिबकते, म्हणून कागद आणि कापड इथे ठेवू नये. धातूचे मांडणी-साहित्य, प्लास्टिकची खोकी आणि हंगामी फलक यांसाठी जागा उत्तम आहे. मी पुढच्या रांगेतील कंटेनर चालू ठेवणार आहे. मागच्या रांगेतील जागा मात्र निचऱ्याचे काम होईपर्यंत कोणी घेऊ नये.