५८ किलोच्या स्वाराला फ्युएल ईएक्स ८ कशी वाटते

सायकल आहे ट्रेकची फ्युएल ईएक्स ८, पाचव्या पिढीची. ॲल्युमिनियम फ्रेम, मीडियम साइज, २९ इंची चाकं. पुढे फॉक्सचा रिदम ३६ फोर्क (पुढचं चाक धरून धक्के गिळणारा), १४० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे चाकाला वरखाली हलायला तेवढी जागा, आणि मागे शॉकवर १३० मिलिमीटर. पुण्यातल्या एका गृहस्थांकडून वापरलेली घेतली, एक लाख पासष्ट हजारांना. मी कोल्हापुरात राहते, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या क्वालिटी विभागात काम करते. त्यामुळे व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात असल्याशिवाय मला कुठल्याही वस्तूबद्दल बोलता येत नाही.

माझं वजन ५८ किलो आहे. हे आधीच सांगते, कारण फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के गिळणाऱ्या) सायकलीचे बहुतेक रिव्ह्यू माझ्यापेक्षा वीस-पंचवीस किलो जड माणसांनी लिहिलेले असतात आणि सायकल कारखान्यातून येते तीही साधारण तशाच माणसासाठी जुळवलेली. हलक्या स्वाराने ती आहे तशी चालवली तर त्याला वाटतं, एवढे पैसे घालून ही तर हार्डटेलसारखीच, मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलीसारखीच आपटते! माझ्या ओळखीच्या दोघींनी याच कारणाने फुल सस्पेन्शन विकून टाकली. सायकल चांगली होती. ती त्यांच्यासाठी कुणी सेट करून दिली नव्हती.

म्हणून आधी सेटिंगचं बोलते. शॉक पंप (फोर्क आणि शॉकमध्ये हवा भरायचा) घ्या, हजार-दोन हजारांची वस्तू आहे. रोजच्या वापरातली हेल्मेट, पाण्याची पिशवी, बूट सगळं अंगावर घालून सायकलवर बसायचं, शॉकवरची रबरी रिंग सीलपर्यंत ओढायची, उड्या न मारता हळूच उतरायचं. रिंग जितकी सरकली तो सॅग, म्हणजे नुसत्या वजनाने दबलेला भाग. मागे शॉकच्या स्ट्रोकच्या (पूर्ण दबण्याच्या लांबीच्या) २८ ते ३० टक्के, पुढे १८ ते २० टक्के, एवढ्यावर मी थांबले. माझ्याकडे हे आकडे मागे १२५ पीएसआय आणि पुढे ६२ पीएसआयला मिळतात. तुमचे वेगळे येतील. टक्के धरा, पीएसआय धरू नका.

खरी गंमत रिबाउंडमध्ये, म्हणजे दबलेला शॉक परत वर येण्याच्या वेगात आहे आणि हलक्या माणसांचं नुकसान इथेच होतं. हवेचा दाब कमी म्हणजे शॉकला परत वर ढकलणारी ताकद कमी. आतल्या तेलाचा अडथळा मात्र नॉबने ठरवलेला, तेवढाच. मग शॉक दबतो आणि सावकाश वर येतो, पूर्ण वर यायच्या आत पुढचा दगड येतो, पुन्हा दबतो. चार-पाच दगडांत तो खाली बसून राहतो आणि तिथून पुढे तुम्ही १३० मिलिमीटरची नव्हे, ४० मिलिमीटरची सायकल चालवत असता. मी मागचा लाल नॉब जवळजवळ पूर्ण उघडा ठेवला आहे, पुढचा त्याहून दोन क्लिक आत. अंगणात ढकलून बघितलं तर मागचं चाक उसळतंय असं वाटतं. मसाई पठाराच्या जांभ्यावर गेल्यावर ते जमिनीला चिकटून चालतं.

जांभा म्हणजे नुसता दगड नाही, भोकं पडलेला, कडा धारदार असलेला, मैलभर सपाट पसरलेला खरखरीत पत्रा आहे. त्याच्यावर मोठा धक्का क्वचितच बसतो, पण हाताला मुंग्या आणणारी थरथर संपत नाही. पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे जाणारी जुनी वाट याच पठारावरून जाते. तिथे मोठ्या ट्रॅव्हलचा काही उपयोग नाही. हवी असते सुरुवातीच्या दोन-तीन सेंटिमीटरची मऊ हालचाल. ती सीलच्या आणि बुशिंगच्या घर्षणावर अवलंबून असते, म्हणजे तेलावर आणि स्वच्छतेवर.

व्हॉल्यूम स्पेसर ही दुसरी गोष्ट. फोर्कच्या वरच्या टोपीखाली प्लास्टिकचे तुकडे बसवलेले असतात. ते हवेची जागा कमी करतात, त्यामुळे शेवटचा ट्रॅव्हल घट्ट होतो आणि जड माणूस फोर्क तळाला आपटत नाही. माझ्या वजनाला तो शेवटचा चाळीस मिलिमीटर भाग कधी मिळतच नव्हता. रिंग नेहमी तिथेच थांबायची. सगळे स्पेसर काढले. टोपीचा षटकोन अगदी पातळ असतो आणि बाजारातल्या सॉकेटच्या तोंडाला आतून उतार असतो, त्यामुळे तो निसटून कडा मारतो. उद्यमनगरात लेथवर सॉकेटचं तोंड सपाट करून घेतलं. काका म्हणाले, "ताई, नवाकोरा सॉकेट कापायला लागलाय व्हय?" मी फोर्कची टोपी दाखवली. त्यांनी ती अंगठ्याने चाचपली, पुढे काही विचारलं नाही, दोन मिनिटांत फेसिंग मारून दिलं. आता जोतिबाच्या डोंगरावरून गिरोलीच्या अंगाला उतरताना रिंग शेवटापासून बोटभर अलीकडे येऊन थांबते. मला हेच पाहिजे होतं.

या वाटेवर रविवारी आणि पौर्णिमेला जाऊ नका. देवाला येणारी माणसं चालत असतात, वाट त्यांची आहे.

सायकलीच्या रचनेत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मागचा पिव्हट (हलता सांधा). ट्रेक त्याला एबीपी म्हणते. सीटस्टे आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे येणाऱ्या वरच्या आणि खालच्या नळ्या) जिथे जोडले जातात तो सांधा बरोबर मागच्या ॲक्सलच्या भोवती आहे. साध्या सिंगल पिव्हट सायकलीवर ब्रेक दाबला की मागचं सस्पेन्शन आखडतं आणि नेमका उतारावर, जिथे ते हवं असतं तिथेच, चाक उड्या मारायला लागतं. इथे ते ब्रेकखालीही हलत राहतं. गिरोलीच्या उतारावर दगडी टप्प्यांवर मागचा ब्रेक धरूनच उतरावं लागतं, तिथे हा फरक पायाला कळतो.

मिनो लिंक नावाची छोटी चकती रॉकरच्या (शॉकला ढकलणाऱ्या दुव्याच्या) सांध्यात आहे. ती उलटी केली की हेड अँगल (फोर्कचा कल) सुमारे अर्धा अंश बदलतो आणि बॉटम ब्रॅकेट (पेडल ज्या आसावर फिरतात तो) काही मिलिमीटर वरखाली होतो. इंटरनेटवर सगळे 'लो'मध्ये चालवा म्हणतात. मी 'हाय'मध्ये ठेवली. जांभ्याच्या कडांवर पेडल आपटणं ही आपल्याकडची मोठी कटकट आहे आणि ते काही मिलिमीटर तिथे खूप कामाला येतात. त्यासोबत १६५ मिलिमीटरचे आखूड क्रँक (पेडलचे दांडे) घातले. चढावर थोडा गिअर हलका लावावा लागतो, एवढंच.

चढाचं खरं सांगायचं तर सायकल जड आहे. पेडल, सीलंट (टायरचं भोक आतून बुजवणारं द्रव), मागच्या टायरमधला फोम इन्सर्ट धरून माझी पंधरा किलोच्या वर जाते, म्हणजे माझ्या वजनाचा चौथा हिस्सा. ऐंशी किलोच्या माणसाला हे जाणवत नाही, मला वाघबीळच्या घाटात प्रत्येक वळणावर जाणवतं. डांबरावर शॉकचा लिव्हर 'फर्म'वर टाकते, कच्च्यावर 'मीडियम'. 'ओपन'मध्ये चढलं तरी ही सायकल फार डुलत नाही. ज्यांना पन्हाळ्याला घाटाने चढून घाटानेच उतरायचं आहे त्यांनी ही घेऊ नये, हार्डटेल घ्यावी, पैसे वाचतील आणि श्वासही.

आता अपग्रेड. लोक सगळ्यात आधी फोर्क बदलायला निघतात. रिदम ३६ मध्ये ग्रिप डॅम्पर (फोर्कची हालचाल तेलाने आवरणारा भाग) आहे, फॉक्सच्या महागड्या फॅक्टरी फोर्कसारखे चार नॉब नाहीत, पण माझ्या वजनाला हा डॅम्पर छान चालतो. त्याला हात लावलेला नाही आणि लावणार नाही. पैसे घातले ते ब्रेक आणि टायरवर.

ब्रेक शिमानो देवरे एम६१२०, चार पिस्टनचे. पुढे २०३ मिलिमीटरची डिस्क. या फोर्कला १८० मिलिमीटरची डिस्क थेट बसते, २०३ साठी अडॅप्टर लागतो, तो आठवणीने मागवा. आमच्याकडचे उतार लांब आहेत आणि माझे हात लहान आहेत. एका बोटाने, तोही लिव्हर हँडलबारच्या जवळ ओढून घेऊन, ब्रेक लागला पाहिजे. हे ब्रेक ते करतात. तेल मिनरल ऑइलच घालायचं, मोटरसायकलचं डॉट फ्लुइड घातलंत तर सील फुगून ब्रेक गेला समजा.

टायर पुढे मॅक्सिस मिनियन डीएचएफ २.५, मागे मॅक्सिस ॲग्रेसर. दोन्ही ट्यूबलेस. पुढे १९ पीएसआय, मागे २२. बाभळीचा काटा सीलंट सहज बुजवतो, जांभ्याची कड लागली तर नाही, म्हणून मागच्या रिममध्ये फोमचा इन्सर्ट. उन्हाळ्यात आमच्याकडे सीलंट आत वाळून पापुद्रा होतो. मार्च लागला की व्हॉल्व्ह कोर काढून काडी घालून बघायची, ओली आली तर ठीक. सगळ्या अपग्रेडमध्ये रुपयाला रुपया परत देणारं हेच, टायर आणि योग्य दाब. इन्सर्टसह दोन टायरचा खर्च नव्या फोर्कच्या पाव हिस्साही येत नाही.

स्टेम (हँडलबार धरणारा तुकडा) बदलायचा असेल तर एक माहिती ठेवा. या पिढीत नॉक ब्लॉक नावाचा थांबा हेडसेटमध्ये (हँडल फिरतं त्या बेअरिंगमध्ये) आहे, कारण डाउनट्यूब (फ्रेमची खालची नळी) सरळ आहे आणि फोर्क पूर्ण वळला तर तिच्यावर आदळेल. त्यामुळे कुठलाही स्टेम आणून लावता येत नाही, एक तर त्याला जुळणारा पाहिजे किंवा अडॅप्टर स्पेसर.

पिव्हटच्या बेअरिंगबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. चाकाची बेअरिंग गोल फिरते, पिव्हटची फक्त काही अंश पुढे-मागे हलते. तेच चार-दोन गोळे त्याच जागी सगळा मार खातात आणि रेसवर (गोळे ज्या कडीवर फिरतात तिच्यावर) खळगे पाडतात. म्हणून पिव्हटला 'मॅक्स' प्रकारची बेअरिंग लागते. तिच्यात गोळे वेगळे ठेवणारा केज नसतो, जागा असेल तितके गोळे भरलेले असतात. बेअरिंगच्या दुकानात त्याच मापाची, त्याच नंबरची साधी बेअरिंग अर्ध्या किमतीत मिळते, चपखल बसतेही. ती पावसाळाभर टिकणार नाही. जुनी काढताना आणि नवी बसवताना हातोडी नको. आडवा बोल्ट, दोन नट आणि बेअरिंगच्या बाहेरच्या रेसच्या मापाचे दोन ड्रिफ्ट (दाबायचे ठोकळे), एवढा प्रेस लेथवर सहज बनतो. माझा त्याच काकांनी बनवला, ईएन८ पोलादाच्या दांड्यातून, मिलिमीटरच्या शंभराव्या हिस्स्यापर्यंत माप धरून. कोल्हापुरात राहून फुल सस्पेन्शन सांभाळायची तर हे एक मोठं सुख आहे. बाकी शहरांत लोक सहा हजारांचं टूल परदेशातून मागवतात.

फॉक्स म्हणते फोर्कची सर्व्हिस १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा. आमची तांबडी माती बारीक आणि कातरणारी आहे, मी लोअर (फोर्कच्या खालच्या नळ्या) त्याच्या निम्म्या वेळात उघडते. वायपर सील, फोमच्या रिंगा, ताजं तेल, दीड तासाचं काम. मागच्या शॉकची एअर स्लीव्ह घरी उघडता येते, तीही हवा पूर्ण सोडून मगच. डॅम्परमध्ये मात्र नायट्रोजन भरलेला असतो. तो घरी उघडू नका, बाहेरगावी पाठवावा लागला तरी पाठवा.

फुलांच्या दिवसांत, ऑगस्ट ते ऑक्टोबर, मसाईवर मी सायकल नेत नाही. जांभ्याच्या खळग्यांत साठलेल्या बोटभर मातीत ती सगळी झाडं उगवतात, तिथे २.५ इंची टायरचं काही काम नाही. तेव्हा चित्रनगरीमागची टेकडी, कात्यायनी, नाहीतर पिव्हट उघडून ग्रीस भरायचं.

वापरलेली घ्यायला निघाला असाल तर सीट धरून मागचं चाक जमिनीवरून हळूच उचला. चाक उठायच्या आधी हाताला 'टक' जाणवलं तर शॉकचं बुश किंवा पिव्हट सैल आहे. ते दुरुस्त होतं, भाव पाडून घ्या. फोर्कच्या नळीवर नख फिरवा, अडकलं तर सोडून द्या, त्या ओरखड्यातून प्रत्येक सर्व्हिसनंतर तेल येत राहील. चेनस्टेच्या खालच्या बाजूला मुख्य पिव्हटजवळ फ्लॅशलाइट मारून वेल्डभोवतीचा रंग बघा. तिथे केसासारखी रेघ असली तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.