गायकाच्या आवाजाला कॉम्प्रेसर एक की दोन?

कॉम्प्रेसर म्हणजे आवाजाचे मोठे भाग दाबून पातळी आटोक्यात ठेवणारं यंत्र किंवा प्लगइन. एक की दोन हा निर्णय, किती दाबलं जातंय ते दाखवणाऱ्या काट्यावर सोडा. संपूर्ण गाण्यात गेन रिडक्शन (म्हणजे ही दाबणी) 3-4 डीबीच्या (डेसिबलच्या) पुढे जात नसेल, तर एकच कॉम्प्रेसर पुरे. रेशो (दाबण्याचं प्रमाण) 3:1, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) 10 ते 15 मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) 100 मिलिसेकंदांच्या आसपास. दुसरा लावून हाती काहीच येत नाही.

काटा 8-10 डीबीपर्यंत जाऊ लागला की मात्र एकट्याचं जमत नाही, कारण त्याच्याकडून दोन उलटी कामं मागितली जातात. टिपेचे सूर झेलायला वेग हवा, ओळींची पातळी सारखी करायला सावकाशपणा. वेगवान ठेवला तर व्यंजनांची धार जाते आणि दोन ओळींमधला श्वास उसळून वर येतो. सावकाश ठेवला तर टीप तशीच निसटते, वर पुढचे दोन-तीन शब्द दबलेले राहतात.

म्हणून काम वाटून द्यायचं. पहिला 1176 जातीचा (वेगवान कॉम्प्रेसरचं एक प्रसिद्ध मॉडेल): 4:1, रिलीज वेगवान, फक्त टिपेवर 3 ते 5 डीबी. एरवी काटा शून्यावर आलाच पाहिजे. (याचं अटॅकचं बटण उलटं चालतं, 7 म्हणजे सर्वांत वेगवान. सर्वांत सावकाश अटॅकही एका मिलिसेकंदाच्या आतच असतो.) त्यामागे एलए-2ए सारखा ऑप्टो (प्रकाशाच्या साहाय्याने चालणारा, सावकाश कॉम्प्रेसर), 2 ते 4 डीबी. त्याचा अटॅक साधारण 10 मिलिसेकंदांचा. रिलीज निम्मा झटकन, उरलेला रेंगाळत. टिपा आधीच कापल्या गेल्याने तो दचकत नाही.

गायक माइकपासून पुढे-मागे होत असेल, म्हणजे अख्ख्या ओळीच वर-खाली असतील, तर क्रम उलटा करा. 1176 ला थ्रेशोल्डचं (दाबणं जिथून सुरू होतं त्या पातळीचं) बटण नसतं, इनपुट वाढवूनच तो चालतो. त्यामुळे त्याला आधीच सपाट झालेला आवाज दिलेला बरा.

फसगत होते ती रेशोमध्ये. आवाज दोन्ही थ्रेशोल्डच्या वर असेल तर रेशोंचा गुणाकार होतो: 4:1 आणि 3:1 मिळून 12:1, म्हणजे जवळजवळ लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारा). दुसऱ्याचा रेशो बदलता येत असेल तर 2:1 वर ठेवा.

घरी रेकॉर्ड केलेल्या आवाजात दोन टप्प्यांनी पंख्याची घरघर कमी होईल ही आशा नको. मेकअप गेन (दाबल्यावर परत वाढवलेली पातळी) एकूण 8 डीबी दिला की शांत जागांतली घरघरही 8 डीबीने वाढते, कॉम्प्रेसर कितीही असोत. तिथे आधी क्लिप गेनने (रेकॉर्डिंगच्या तुकड्यांची पातळी बदलून) ओळी जुळवून घ्या. ‘स’, ‘श’, ‘च’ टोचू लागले तर डी-एसर (असे टोचणारे आवाज कमी करणारा) दोन्ही कॉम्प्रेसरच्या नंतर.

नाट्यगीतात मात्र आम्ही एकाच ऑप्टोच्या बाजूने आहोत, 3 डीबीपर्यंत. बाकीचं व्हॉल्यूम ऑटोमेशनने (गाण्यात जागोजागी आवाज कमी-जास्त करून). तानेतला जोर आणि मुरकीतली नजाकत सारख्याच पातळीवर आली, तर गायकाने जे कमावलंय तेच पुसलं जातं.

तुलना करताना बायपास (कॉम्प्रेसर बंद) आणि चालू यांची पातळी जुळवा. अर्ध्या डीबीने मोठा असलेला आवाजही कानाला अधिक चांगला वाटतो.